ख खिम्याचा

गुरुवारी संध्याकाळी बस मला सैदलवीच्या दुकानाशी सोडते.
दोन किलो बीफचा खिमा, जाडसर, यंत्रातून एकदाच काढलेला,
दीड किलो रानाचे तुकडे, अर्धा किलो नळ्या.
तो मलप्पुरमचा, मी बाणकोटचा,
हिंदी दोघांचीही मोडकी,
पण चरबी किती ठेवायची ते त्याला माझ्या बोटावरून कळतं.

शुक्रवारी सोहारमध्ये बाहेर सेहेचाळीस डिग्री.
तीन बर्नर पेटलेले, चौथा बिघडलेला,
एसी हरलाय, तरी घुमतोय.
नुझतची ड्युटी रविवारपासून रात्रीची,
माझी बंदराची बस पहाटे पाच दहाला.
आठवडाभर आम्ही एकमेकांना भेटतो
ते बहुतेक फ्रीजच्या दारावर.

म्हणून आजच सगळं.
कांदा-खोबरं भाजून एकच मोठं वाटण,
मग ज्याचा तो वाटेला लागतो:
खिमा वाटाण्याकडे, रान काळ्या मिरीकडे,
नळ्या मंद आचेवर, अस्रपासून इशापर्यंत.
बटाटा घालायचा नाही.
बटाटा गोठला की रेताड होतो,
हे मला कुणी सांगितलं नाही,
अख्खा एक महिना खाऊन शिकलो.

मधेच गावाहून मोठ्या भावाचा व्हिडिओ कॉल.
काय शिजतंय, विचारतो.
सालन, म्हणतो मी, आणि फोन खिडकीकडे वळवतो.
त्याच्या पाठीमागे दुकानात गिऱ्हाइकं उभी असतात.
तोही मग हवेचं विचारतो.

गार झालं की पिशव्या भरायच्या,
हवा काढून, आडव्या, बोटभर जाड,
एकीवर एक ठेवायच्या.
सकाळपर्यंत त्यांच्या पाट्या होतात,
शाळेत होत्या तशा, फक्त लाकडी चौकट नाही.
प्रत्येकीवर चिकटपट्टी, पट्टीवर मार्करने नाव, तारीख,
मराठीत.

ही सवय कॅम्पातली.
आठ जणांत एक फ्रीझर होता.
बिननावाची पिशवी सगळ्यांची,
आणि नाव असलेली सगळ्यात आधी संपायची.
सहा मलबारी, एक सिल्हेटचा, आणि मी.
तेव्हापासून मराठीत लिहायला लागलो,
कुणाला वाचता येऊ नये म्हणून.

आता इफ्रा वाचते.
सात वर्षांची. शाळेत तिच्या वह्या
काही उजवीकडून उघडतात, काही डावीकडून,
देवनागरी दोन्हीकडून नाही.
रोज रात्री उद्याची पिशवी खालच्या कप्प्यात उतरवणं हे तिचं काम.
अंगठ्याने बर्फ पुसते, ओठ हलवते.
मी कमळाचा क शिकलो होतो.
ही शिकली ख खिम्याचा, र रानाचा,
‘नळी’पाशी मात्र आठवडाभर अडली.
ळ म्हणजे झोपलेला आठ, म्हणाली,
आणि तो तिला इतका आवडला
की गेल्या शुक्रवारी मार्कर मागून घेतला,
जमिनीवर पालथी पडून
एक पट्टी तिने स्वतः लिहिली.
मी नळ्यांचा फेस काढत होतो, पाहिलं नाही.

सोमवारी मी क्रेनखाली, डब्यातली चपाती अर्धी खाल्लेली,
नुझतचा फोटो आला.
रात्रपाळी करून आलेली, खालचा कप्पा उघडलेला,
पाटीवर तिरकं, जाड अक्षरात:
खिळा. तीन जण.
खाली नुझतने लिहिलेलं,
‘आज खिळे खायचेत का?
हातोडी कुठे ठेवलीयस?’

मी जोरात हसलो, तसा शेजारचा बलुची
काय झालं म्हणाला.
सांगायला गेलो. नीट सांगता येईना.

पट्टी मी बदलली नाही.
रात्री बटाटा घातला, ताजा, शेवटची दहा मिनिटं.
इफ्राने दोनदा घेतलं.
खिळा चांगला झाला होता,
मीठ जरा कमी.