हुंकारा

डॉक्टर केसादा म्हणाल्या, गाठ लहान आहे,
आणि आजोबा म्हणाले, देगी.
म्हणाल्या, स्वरयंत्राच्या डाव्या काठाला,
तर शब्द संपायच्या आतच आजोबांनी
त्यांच्या शेवटच्या स्वराला खालून हात लावला:
देगीऽऽ.
त्यांनी पेन खाली ठेवलं.
"मला बोलू द्याल का?"

पनामा शहर, सातवा मजला,
आजोबांची टोपी मांडीवर, मी जीन्समध्ये.
तेव्हाच सांगायला हवं होतं मी
की आमच्या बेटावर
एकट्याने बोलणं हे बोलणं धरत नाहीत.

सभाघरात मधोमध दोन झुले.
एकात साइला पडून गातो,
दुसऱ्यात माझे आजोबा, एलिओदोरो,
शाकारणीकडे बघत.
चरण संपत आला की साइला शेवटचा स्वर लांबवतो,
होडीतून धक्क्याकडे दोर फेकावा तसा,
आणि आजोबा तो पाण्यात पडू देत नाहीत.
देगी. असंच आहे.
म्हणजे पोचलं. म्हणजे बांधलाय दोर, पुढचं येऊ दे.
पटलं असा त्याचा अर्थ नाही.
एकतीस वर्षं त्यांनी एवढंच केलं,
आणि पटलं का, हे त्यांना कुणी विचारलं नाही.

दिव्यापाशी बायका, हातात मोला, सुया चालू.
कडेला काठी घेऊन रूफिनो काका,
ज्याचं काम मध्येच किंचाळायचं: झोपू नका!
(लहानपणी मला वाटे, याचा पगार मिळत असणार.
मिळत नाही.)
आणि शेवटी उठतो आर्गार,
दोन तास गायलेलं साध्या बोलीत उलगडतो,
त्याला आणखी दोन तास.

यातलं काहीच न सांगता म्हटलं, सवय आहे त्यांची.
"पण ऑपरेशनला तयार आहेत ना?
पाच वेळा हो म्हणाले."
आणि कागद पुढे सरकवला, सहीपाशी फुली मारून.

मग मी आर्गार झाले.
उभी राहिले, बसून उलगडता येत नाही.
गाठीपासून सुरुवात केलीच नाही;
आमच्या खाडीच्या तोंडाशी तो खडक आहे,
ओहोटीला होडी घासतो, तिथून केली.
डॉक्टरांची चार वाक्यं, माझी वीस मिनिटं.
दोनदा त्यांनी घड्याळ पाहिलं.
"एवढं मी बोलले नव्हते."
बोलला होतात, बाई. घडी मोडली नव्हतीत.

आजोबांनी सगळं ऐकलं. देगी म्हटलं नाही.
विचारलं, किती दिवस बोलायचं नाही?
एकवीस.
"या वयात तसंही फार बोलत नसतील," डॉक्टर मला म्हणाल्या,
समजुतीच्या सुरात.
मी म्हटलं, एकच शब्द.
त्या हसल्या. बरं झालं, म्हणाल्या.

नववी रात्र.
दुसऱ्या झुल्यात शेजारच्या बेटावरचा पोरगा, आल्सिबियादेस.
आवाज चांगला आहे. कधी लवकर म्हणतो, कधी उशिरा,
आणि उशीर झाला की साइलाचा स्वर
आढ्याखाली नुसता लोंबकळतो,
बायकांच्या सुया अर्ध्या कापडात थांबतात.

आजोबा माझ्या शेजारी, मागच्या बाकावर,
गळ्याला पांढरी पट्टी.
आयुष्यात पहिल्यांदाच नुसते श्रोते.
अर्ध्या तासात घोरू लागले.

रूफिनो काकाने पाहिलं. मान वळवली,
कोळशाकडे बघितलं, छताकडे बघितलं,
पण काम ते काम:
झोपू नका!

आजोबा दचकले. नेमका चरण संपत होता.
त्यांचे ओठ हलले,
आवाज नव्हताच तिथे,
आणि माझ्या तोंडून निघून गेलं,
देगी.

सुया थांबल्या. आई माझ्याकडे बघते आहे हे मला पाठीत कळलं.
झुल्यातला पोरगा उठून बसला.
साइलाने डोळे उघडले नाहीत.
पुढचा चरण सुरू झाला.