वरची मर्यादा

फिल्म बॅज परत केला आज.
काउंटरवरच्या मुलाने सदतीस वर्षांचा डोस
एका ओळीत छापून दिला,
वाण्याच्या पावतीएवढा कागद.

सुरुवात इमल्शनच्या काचांपासून.
सूक्ष्मदर्शकाखाली काळ्या ठिपक्यांच्या माळा,
शेजारच्या स्टुलावर रत्नप्रभा धुरंधर;
फुटलेले फाटे माझ्याआधी तिलाच दिसायचे.
निबंधात तिचं नाव आभारांत, शेवटून दुसरं.
ते मीच लिहिलं होतं.

मग प्रवेगक. व्हॅक्यूमची गळती हुडकत
रात्रपाळ्या, हेलियमची नळी हातात,
कॅन्टीनच्या खिडकीबाहेर काळा समुद्र
आणि त्यात कुणाच्यातरी होडीचा एकच दिवा.

मग तो कण.
अकरा वर्षं.
ससून डॉकवरून येणारी हिराबाय
टोपली उतरवता उतरवता विचारायची,
"गावला काय तुमचा तो?"
"नाय गावला."
एकदा समजावलं तिला : न गावणं हेही उत्तरच,
एवढ्या पाण्यात तो नाही, इतकं तरी कळतं.
ती सुरी थांबवून हसली,
"असं सांगत दादला घरी आला
तं जेवाया वाढीन काय मी?"

निबंध छापून आला. एक आलेख, एक तिरकी रेघ.
रेघेच्या वरचं सगळं आम्ही पुसलं.
खाली अजून पुष्कळ जागा आहे,
ती आता पोरं बघतील, परदेशातल्या बोगद्यात.

पावती पाकिटात घातली.
गेटवरच्या शिपायाने सवयीने हात पुढे केला, बॅज?
खिशावर क्लिपने पाडलेली
दोन भोकं होती.
ती दाखवली.