उजवी बाजू

सावद्याला, केळीच्या ट्रकमागे
लुकमान तडवीने सदरा काढला.
मी चिमटा उघडला. नियम असा :
बाजू उजवीच. घडी धरायची,
मनात दोन मोजायचे, मग काटा वाचायचा.
तीनदा.

दंडावर चार मिलिमीटर.
पाठीवर घडी येईचना,
घड वाहून वाहून कातडी हाडाला घट्ट.
"डावीकडून घ्या ताई," तो म्हणाला,
"उजवा खांदा केळीचा. डावा माझा."

तक्त्यात डाव्याला रकाना नव्हता.
उजव्याच्याच रकान्यात डावा लिहिला.
बेरीज, सूत्र, वय एकेचाळीस :
साडेआठ टक्के चरबी.

"म्हणजे किती?"
चार किलो, जरा वर.
सदरा चढवत हसला :
"दोन फण्या!
एवढं तर ट्रकमध्ये मोजतही नाहीत."

चिमट्याच्या टोकाला चीक लागला होता.
घरी पोचेस्तोवर काळा पडला.