ह

इतवारीच्या छापखान्यात, भर मे महिन्यात,
मी जुळवलं पिंपळापुरे साहेबांचं पुस्तक.
शाई पातळ होऊन रुळावरून ओघळायची,
वाळ्याच्या ताट्या दुपारी दोनलाच कोरड्या.
मी चढलेला डोंगर म्हणजे सीताबर्डीची टेकडी,
तीही मामांच्या खांद्यावर बसून.

सोळाव्या पानावर ह संपला.

हिमनदी, हिमकडा, हिमवादळ, हाडं, हमाल, हमाल...
एवढा ह कुठल्याच केसमध्ये नसतो.
म्हटलं, साहेब, बर्फ जरा कमी करता का?

ते हसले. उजव्या हाताला बोटं तीनच.
बाकीची दोन, म्हणाले, वरच ठेवून आलो.
मग पेन्सिल त्या तिघांत धरून
हिमनदी खोडली,
लिहिलं: गोठलेला नाला.
'हमाल'वर बराच वेळ थांबले.
तेही खोडलं. तिथं नावं घातली:
केशरसिंग, धनू, गोबरू,
आणखी एक पोरगा,
त्याचं नाव विचारायचं राहून गेलं.

त्या 'राहून'साठी एक ह लागला.
शेजारच्या पंचांगवाल्याकडून उसना आणला.

अजून परत केला नाही.