बोहनी

विनिपेगच्या हॉटेलात, तळघरातल्या दालनात
आम्ही देशभरातले एकशे बारा दुकानदार.
शेजारी दंतवैद्यांच्या खुर्च्यांचं प्रदर्शन,
तिकडे गर्दी जास्त, कॉफीही तिकडचीच बरी.
बाहेर जानेवारी, उणे एकतीस.
गळ्यात पाटी: नाव, दुकान, गाव.
माझ्या पाटीवर गावाचं स्पेलिंग चुकलेलं.
मी तसंच राहू दिलं,
खाण बंद झाल्यापासून गावालाही सवय आहे.

सकाळी जागेच्या भाड्यावर बोलणं झालं,
मग ट्रकच्या भाड्यावर,
मग परत पाठवलेल्या खोक्यांवर,
ज्यांचा एक कोपरा चेपला
की प्रकाशक म्हणतो, हे आमचं नव्हेच.
रिमूस्कीची ओदील उभी राहिली:
"लोक येतात, पुस्तक उलटं करतात,
पाठीवरच्या रेघांचा फोटो काढतात
आणि माझ्याच पायपुसण्यावर उभं राहून
दुसरीकडून मागवतात, घरपोच,
चार डॉलर स्वस्त.
वर विचारतात, इथे वाय-फाय नाही का?"
कुणी हसलं नाही.
सगळ्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं.
मी एक बदक काढलं.

जेवणानंतर एका सल्लागाराने पडद्यावर बाण दाखवले.
म्हणाला, मेणबत्त्या ठेवा, मोजे ठेवा.
मोजे मी सात वर्षं विकते आहे.
मोज्यांच्या जिवावर कवितांचं कपाट उभं आहे
हे मी कुणाला सांगत नाही.

मग ट्विलिंगेटचा सायलस पेनी.
पत्रिकेत त्याचा विषय छापलेला, 'नवे मार्ग'.
वय शहात्तर, काखेत लाल पाठीची खतावणी.
चष्मा पुसला, खाकरला,
आणि सरळ वाचायलाच लागला:

"सोमवार. एक पोस्टकार्ड.
मंगळवार. बर्फ. बोहनी नाही.
बुधवार. एक जण अंग शेकायला आला,
हीटरजवळच्या स्टुलावर चाळीस पानं वाचून गेला,
खुणेला माझंच पावतीपुस्तक फाडून.
गुरुवार. तोच. पुढची चाळीस. बोहनी नाही.
शुक्रवार. आला नाही.
शनिवार. त्याची मुलगी आली.
म्हणाली, बाबा इस्पितळात आहेत,
ते पावती घातलेलं पुस्तक हवंय."

दालन गप्प.
भिंतीपलीकडे कुठलीशी खुर्ची
घुर्र करत आडवी झाली.
मागून रेजायनाच्या बोहदानने विचारलं,
"पूर्ण किमतीला?"
"छे. सवलत मागितली तिने.
म्हणाली, ऐंशी पानं वाचून झालीत,
तेवढे पैसे वजा करा."
"मग?"
"केले वजा."

असं हसू फुटलं
की दोन दंतवैद्य दारातून डोकावले.
ओदील हसता हसता नाक पुसत होती,
रुमाल नव्हता म्हणून कार्यक्रमपत्रिकेला.
सायलसने खतावणी मिटली, खाली बसला.
मार्ग त्याने एकही सांगितला नव्हता.

शेवटी अध्यक्षबाई म्हणाल्या,
तुमच्यामागे दुकान कोण बघणार
हे ज्यांचं ठरलंय, त्यांनी हात वर करा.
नऊ हात.
त्यातला एक वेटरला बोलावत होता.

रात्रीच्या बसने साडेसातशे किलोमीटर उत्तरेला.
खिडकीत काही दिसत नाही, फक्त आपलंच तोंड,
आणि मांडीवर फुकट मिळालेला टूथब्रश.

सकाळी फावड्याने दार मोकळं केलं.
मोज्यांच्या हिशेबाची वही काढली,
मागून उघडली.
लिहिलं, "सोमवार."
लिहिलं, "बर्फ."
पुढचे दोन शब्द लिहायला पेन टेकवलं
आणि उचललं.

आमच्याकडे सूर्य चारलाच मावळतो.
दुकान सहाला बंद होतं.