सगळ्यांत खालचं तोंड

आधी आवाज येतो.
न्हाणीत कुणी चूळ भरून
थुंकायचं विसरलंय, असा.
मग जाळी थरथरते
आणि वरच्या मजल्यावरच्या रुझारबाबांची दाढी
फेसासकट
माझ्या पायांशी येऊन थांबते.
मागोमाग त्यांच्या सुनेचा शांपू, तांदळाची पेज,
आणि ज्याचं नाव कवितेत घेत नाहीत ते.

पणजीत, मळ्यात राहणारे आम्ही.
डोंगर उतरून येतो, नदी चढून येते,
मधे माझी मोरी.

चौथ्या अर्जानंतर म्हाबळू च्यारी आला, खांद्यावर पहार.
पाइपाचं काही विचारलंच नाही.
म्हणाला, "बाय, पंचांग आहे घरात?"
मी म्हटलं, शांत करायचीय की काय?
तो हसला नाही.
"अमावास्या आज. साडेअकराला भरती.
पावसाच्या गटाराचं तोंड व्हाळात,
ते नदी दाबून धरते.
पाणी मग उलटं फिरतं.
त्याला घर नंबर ठाऊक नसतो,
फक्त सगळ्यांत खालचं तोंड ठाऊक असतं."

ते तोंड माझं होतं.

ओसरीवर ओल्या बोटानं त्यानं रेघा ओढल्या:
जमिनीखाली दोन वाटा.
एक आभाळाच्या पाण्याची, थेट व्हाळात.
दुसरी आपल्या पाण्याची, पंपघराकडे.
दोघींनी भेटायचं नसतं.
आभाळाचं पाणी दांडगं, आपली वाट वीतभर,
ते आत शिरलं की आपलं मागं सरतं.
रेघा वाळून गेल्या तोवर मला कळलं होतं.

"आता रस्त्यावरचं चेंबर उघडू.
कोरडं निघालं तर दोष तुमच्या घराचा.
भरलेलं निघालं तर आमचा."

नवस नाही बोलले,
पण भरलेलं निघू दे, एवढं म्हटलं.
झाकण कण्हलं.
आधी झुरळं पळाली, मग वास,
मग काळं पाणी, गळ्यापर्यंत.
जिंकले मी!
सात वर्षांचे अर्ज, सह्या, पोचपावत्या
सगळे माझ्या बाजूनं उभे राहिले.

म्हाबळू काही न बोलता गच्चीवर गेला.
बादलीत गुलाबी रंग कालवला, पन्हाळीत ओतला,
आणि खाली येऊन चेंबरपाशी उकिडवा बसला.
मांजर बघतं तसा.

गुलाबी आलं.

"बाय, गच्चीचा पाइप हिकडे कुणी जोडला?"

एक रविवार आठवला.
बिंबलीच्या मुळांशी पाणी साचतं
म्हणून ह्यांनी गवंडी आणलेला.
फरशी उखडली, पाइप आतल्या आत सोडला.
संध्याकाळी हात धुताना म्हणाले,
"बघ, अंगण कसं ठणठणीत कोरडं."
मी चहा दिला. विचारलं नाही,
मग पाणी गेलं कुठे?
बिंबल दोन वर्षांनी गेली. नंतर हे.
पाणी तेवढं परत येत राहिलं.

"गल्लीत अकरा घरं," म्हाबळू म्हणाला,
"नऊ जणांनी हेच केलंय.
नोटीस काढली तर नऊजण आमदाराकडे जातात.
भरतीला नोटीस लागू होत नाही."
पहारीचं टोक त्यानं गवतात पुसलं.

आता पाइप तोडलाय.
पाऊस माझ्या अंगणात घोट्याएवढा उभा राहतो,
बेडूक पोसतो.
मोरीच्या पुढे झडप बसवलीय, एकाच दिशेनं उघडणारी.
पण झडप मिटली की
वरच्यांचं पाणीही आतच अडतं, माझ्या वाट्याला,
हेही म्हाबळूनंच सांगितलं, जाता जाता,
चप्पल घालताना.

म्हणून अमावास्येला, पुनवेला
पंचांग मांडीवर घेऊन मी न्हाणीत स्टुलावर बसते.
खाली कुठेतरी टक् होतं.
मी जिन्याकडे तोंड करून ओरडते,
"रुझारबाब, भरती!"
बोटीवर तीस वर्षं काढलेला माणूस,
कारण विचारत नाही.
वरचा नळ बंद होतो.
अर्ध्या गालावर फेस घेऊन
ते तिथं, मी इथं,
नदी उतरायची वाट बघत.