जाळी

पट्टा मांडीखाली दाबून
मी फरशीवर बसते, रोज दहा मिनिटं.
गुंड्या थरथरतो.
जाळीपलीकडे ससा, पॉरिज त्याचं नाव.
मागचा पाय आपटतो: धप्प.

ससा तुझ्या लेकीचा. कुत्रा माझा.
डंडीतलं हे घर अजून कोणाचंच नाही.

पॉरिजचा टॉवेल गुंड्याच्या ताटलीखाली,
गुंड्याचं फडकं पॉरिजच्या गवतात.
आधी वासांची ओळख व्हावी, म्हणे.
"बस," मी सांगते. त्याला मराठीच कळतं.
तो बसतो. शेपटी ऐकत नाही.

जिन्याच्या सातव्या पायरीवर तुझी लेक.
आयला.
पहिल्यांदा नाव ऐकलं तेव्हा फस्सकन हसले होते,
का, ते सांगता आलं नाही.
तिने ते अजून माफ केलेलं नाही.

अठरावा दिवस. टे नदीवरचं धुकं खिडकीला टेकलेलं.
गुंड्या जांभई देतो, हनुवटी जमिनीवर टाकतो.
पॉरिज पुढच्या पंजांनी कान धुतो,
आमच्याकडे पाठ करून.

"पाठ केली ना, म्हणजे आता भीत नाहीये तो."
आवाज वरून येतो. चौथ्या पायरीवरून असेल.

मी मान वळवत नाही.
पट्टा तेवढा सैल सोडते,
बोटभर.